झाईच्या होडीत फिशफाइंडर

तलासरी म्हटलं की लोकांना वारली पाडे, भाताची खाचरं आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग आठवतो. समुद्र आठवत नाही. पण तालुक्याच्या पश्चिम टोकाला झाई आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं हे शेवटचं गाव, त्याच्या पलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात. झाईतून खाली बोर्डी, घोलवड, नरपड करत डहाणूच्या खाडीपर्यंत यावं, तर छोट्या फायबरच्या होड्या घेऊन समुद्रावर पोट भरणारी घरं सगळीकडे भेटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त होतात, इंजिनं उघडली जातात आणि पुढच्या हंगामासाठी काय घ्यायचं यावर घराघरांत बोलणी होतात. अलीकडे त्या बोलण्यांत एक यंत्र हमखास असतं: जीपीएस बसवलेला फिशफाइंडर. समुद्रात ध्वनी सोडून खालचा मासा आणि तळ दाखवणारं यंत्र जपानच्या नागासाकी भागात फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये बाजारात आणलं. तेव्हा ते मोठ्या बोटींचं होतं. आज तळहातापेक्षा थोड्या मोठ्या पडद्यावर मासा, तळ आणि नकाशा तिन्ही मिळतात.

खालचा काका आणि खालचा पुतण्या कोणी विशिष्ट माणसं नाहीत. या किनाऱ्यावर चालणारा वाद मी दोन तोंडांत घातला आहे. काका आयुष्यभर तांडेल. पुतण्या काही हंगाम ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून राबून आता घरच्या होडीवर परतलेला.

पुतण्या: काका, एक ऑगस्टच्या आत हवं तर आताच ठरवू या. मी पक्कं केलंय. सात इंची पडदा, चिर्प, साइड स्कॅन, आत जीपीएस. एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं.

काका: पडदा केवढा ते कळलं. मासा कुठला दाखवणार?

पुतण्या: खाली असेल तो दिसणार. कुठलाही.

काका: बोंबील दिसेल?

हा प्रश्न विक्रेत्याला कोणी विचारत नाही, आणि डहाणूच्या समुद्रात तोच पहिला विचारायला हवा. ध्वनी पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या भागातून, निघालेला आवाज वीस मीटर खोल तळावर आपटून साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात परत येतो. वाटेत ज्यावर तो आपटतो, त्याची रेघ पडद्यावर उमटते. पण माशाचं मांस आणि पाणी यांत ध्वनीच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. मासा उठून दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, जिला आपल्याकडे भोत म्हणतात. बोंबलाला भोत नसतं. शिवाय अंग इतकं मऊ आणि पाणीदार की हातात धरला तरी लोंबतो. म्हणजे डोलीत, खुंटाला बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, पडणारा या किनाऱ्याचा सगळ्यात ओळखीचा मासा यंत्राला धड दिसत नाही.

पुतण्या: बोंबील नसेल दिसत. घोळ तर दिसेल? २०२१ च्या ऑगस्टात मुरब्याच्या बोटीला एका खेपेत दीडशेवर घोळी लागल्या. सव्वा कोटीच्या वर पैसे झाले. घोळीला भोत आहे, आणि पैसा त्या भोताचाच आहे.

काका: घोळ दिसेल, मान्य. शिंगाळाही दिसेल. पण मला सांग, तुझं यंत्र खाली किती जागा बघतं?

पुतण्या: होडीखालची सगळी.

काका: सगळी म्हणजे किती?

पुतण्याने हा हिशेब मांडून पाहिलेला नव्हता, आणि बहुतेक गिऱ्हाइकं तो मांडत नाहीत. आवाज वरून खाली शंकूच्या आकारात पसरतो. २०० किलोहर्ट्झला हा शंकू बहुधा बारा ते वीस अंशांचा असतो. वीस अंश धरले आणि पाणी वीस मीटर खोल असलं, तर तळावर जेमतेम सात मीटर व्यासाचं वर्तुळ पडतं. कमी फ्रीक्वेन्सीचा पंचेचाळीस अंशांचा रुंद शंकू घेतला तरी सोळा-सतरा मीटर, आणि त्यात तपशील पुसट होतो. आपल्या वागऱ्याची, म्हणजे गिलनेटची, लांबी शेकड्यांनी मीटर असते. सात मीटरच्या वर्तुळात काही नाही, म्हणून शेकडो मीटर जाळ्याखाली काही नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

पुतण्या: म्हणून तर साइड स्कॅन म्हणतोय. तो डाव्या-उजव्या बाजूलाही बघतो.

काका: तो कुठे चालतो, ते बघितलंस?

साइड स्कॅनची फ्रीक्वेन्सी ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झच्या घरात असते. फ्रीक्वेन्सी जितकी जास्त, तितका ध्वनी खाऱ्या पाण्यात लवकर विरतो. तलावात किंवा नदीत जो पल्ला दिसतो, तो समुद्रात मिळत नाही. आपल्या होडीच्या टप्प्यात पाणी दहा-बारा वाव, फार तर वीस वाव. त्यासाठी साधा २०० किलोहर्ट्झचा, शक्यतो चिर्प असलेला ट्रान्सड्यूसर पुरतो. चिर्प म्हणजे एकच सूर सोडण्याऐवजी सुरांचा पट्टा सोडणं. त्याने तळाला चिकटून असलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. शेकडो वाव खोल पाण्यासाठी केलेल्या मोठ्या वॅटेजच्या यंत्रांवर इथे पैसे घालणं व्यर्थ आहे. वाचलेले पैसे चांगल्या बॅटरीला लावावेत असं माझं मत आहे, आणि त्या बाबतीत काका-पुतणे दोघंही माझ्याशी सहमत होतील.

काका: तुला वाटतं मी यंत्राच्या विरुद्ध आहे. नाही. मासा दाखवण्याच्या नावाखाली ते घेऊ नको, एवढंच म्हणतोय. डोल लावली की मासा शोधायचा नसतो. पाणी माशाला आपल्याकडे आणतं. उधाणाला किती येतो, भांगाला किती, वारा फिरला की काय होतं, ते पडदा सांगत नाही. जे ट्रॉलर मासा हुडकत फिरतात, त्यांना हुडकण्याचं यंत्र लागतं. आणि ते सगळ्यांच्या होडीत आलं, तर माशाला दडायला जागा कुठे राहील?

पुतण्या: ती भीती मलाही आहे. पण माशाचं वाटोळं एलईडी लावून मासा गोळा करणाऱ्यांनी केलं, लहान आसाची जाळी ओढणाऱ्यांनी केलं. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी किनाऱ्यावरून उजेड दिसतातच. सहा मीटरच्या होडीला सात मीटरचं वर्तुळ दिसल्याने समुद्र रिकामा होत नाही, काका.

काका: होत नाही. पण पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली धरायचं नाही, असा राज्याने २०२३ मध्ये नियम केला. तुझा पडदा सांगेल का, खालचं पापलेट बारकं की मोठं?

पुतण्या: नाही सांगणार.

काका: ते जाळ्याच्या आसावर ठरतं. म्हणून आधी जाळं बघ, मग यंत्र.

इथवर काकाचं पारडं जड. पण आता पुतण्या असं काही बोलतो की तिथे काकाकडे उत्तर कमी पडतं.

पुतण्या: बरं, मासा सोडून देऊ. जीपीएसचं बोलू. तुम्ही डोलीच्या खुंटापाशी कसे पोचता?

काका: खुणांनी. महालक्ष्मीच्या डोंगराचं शिखर आणि डहाणूच्या थर्मलची चिमणी एका रेषेत आली की अमुक, चिमणी शिखराच्या उजवीकडे गेली की तमुक. उत्तरेकडून येताना दुसरी जोडी. दोन रेघा जिथे कापतात, तिथे खुंट.

थर्मलची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. नव्वदच्या दशकात ती उभी राहिली तेव्हा हवा, चिकू आणि मासे यांच्या नावाने किती वाद झाले ते डहाणूकरांना माहीत आहे. त्याच चिमणीला समुद्रातला तांडेल आज खूण म्हणून वापरतो. दोन वस्तू एका रेषेत आणून जागा ठरवायची ही रीत पक्की आहे. तिला बॅटरी लागत नाही, उपग्रह लागत नाही. पण तिला दिवस लागतो आणि निवळ हवा लागते.

पुतण्या: हिवाळ्यात सकाळी धुकं असतं तेव्हा?

काका: तेव्हा दोरीला शिसं बांधून टाकायचं. किती वाव पाणी, खाली चिखल की वाळू, ते शिशाला लागून येतं. तळ ओळखला की जागा ओळखता येते.

पुतण्या: हेच तर यंत्र करतं, काका! तळ कठीण असला की पडद्यावर त्याची रेघ जाड, गडद येते, खाली दुसरा प्रतिध्वनी उमटतो. चिखल असला की फिकट, पसरट. खडकावर जाळं फाटण्याआधी कळतं. आणि तुमच्या खुणा तुमच्या डोक्यात आहेत. वडिलांना त्या अर्ध्या माहीत होत्या, मला त्याही नाहीत. तुम्ही होडीवर यायचं थांबलात की त्या खुणा कुठे जाणार?

काका गप्प बसत नाही. तो मुद्दा बदलतो, आणि तो बदललेला मुद्दा सुद्धा खरा आहे.

काका: डोलीचा खुंट नांगरलेला. त्याची खूण यंत्रात ठेवली तर मी मानेन. पण वागरा वाहतो. रात्री टाकलेलं जाळं पहाटे दोन-तीन मैल पुढे गेलेलं असतं. तुझी खूण तिथेच राहते, जिथे जाळं होतं. तू तिथे जाऊन रिकामं पाणी बघशील.

पुतण्या: म्हणून जाळ्याला धरून राहायचं आणि होडीची चाल पडद्यावर आखू द्यायची. तासाभरात किती आणि कुठल्या दिशेला वाहिलो ते रेघेवरून कळतं. ओहोटीला पाणी कसं ओढतं ते दिसतं. पण रेघ वाचणाऱ्याला डोकं लागतं, हे मान्य.

एवढ्यात पुतण्या ओख्याचा विषय काढतो. पालघर, डहाणू, तलासरीतून दर हंगामात हजारो खलाशी, त्यांत बरेच आदिवासी, गुजरातच्या बंदरांत जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा. तिथून बोटी कच्छच्या अंगाला, सर क्रीकच्या बाजूला जातात, जिथली सागरी सीमा आजही वादात आहे. पाण्यावर रेघ नसते. बोट पकडली गेली की खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याच्या समुद्रात पाकिस्तानी गोळीबारात मेलेला खलाशी पालघर जिल्ह्यातल्या वडराईचा होता.

पुतण्या: बोटीवर जीपीएस असायचा. पण तो तांडेलाच्या केबिनमध्ये. मागे जाळं ओढणाऱ्या आम्हा पोरांना आपण कुठे आहोत ते कोणी सांगायचं नाही, आणि आम्हाला आकडे वाचता यायचे नाहीत. मला एवढंच हवंय की आपल्या होडीवर आपण कुठे आहोत ते दोघांनाही वाचता यावं. झाईच्या समोर परदेशाची सीमा नाही, पण रात्री इंजिन बंद पडलं तर तटरक्षक दलाला १५५४ वर काय सांगणार? चिमणी आणि शिखर? ते म्हणतील, अक्षांश-रेखांश सांगा.

मला या सगळ्या वादात सगळ्यात पटलेलं बोलणं हे आहे. लहान होडीला फिशफाइंडर घ्यायचा तर त्यातला जीपीएस हा खरा माल आहे आणि मासा दाखवणारा भाग ही जोड आहे. दुकानातली पाटी नेमकी उलटं सांगते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहातून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे, ते दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांशासह कळवते. ती माहिती ज्याच्याकडे आकडा टाकायचं यंत्र आहे त्याच्याच उपयोगाची.

पण आकडा टाकताना एक घोटाळा होतो, तो इथे सांगून ठेवतो. कुणी २० अंश ७ मिनिटं ३० सेकंद असं लिहून देतं. यंत्र मिनिटांचे दशांश मागत असेल, तर ते २० अंश ७.५०० असं टाकायला हवं. घाईत ७.३०० टाकलं की जागा पाव मैलाच्या जवळपास, सुमारे ३७० मीटर, सरकते. पापलेटच्या शोधात त्याने काही बिघडणार नाही. खडकाची जागा असेल तर होडी फुटेल. यंत्र घरी आणल्यावर पहिल्या दिवशी त्याची मांडणी कुठली आहे ते बघावं आणि ज्याच्याकडून आकडे घेतो त्यालाही विचारावं.

काका: सरकारही काहीतरी यंत्र देतंय ना? मग विकत कशाला?

पुतण्या: ते ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरलाच त्याची सुरुवात जाहीर झाली. इस्रोच्या उपग्रहांमार्फत संदेश पाठवायचा, संकटात हाक मारायची. एक लाख बोटींना टप्प्याटप्प्याने. मिळालं तर बसवायचंच. पण तळ किती खोल हे ते सांगत नाही.

काका: त्याच दिवशी वाढवणच्या बंदराचीही कुदळ पडली.

पुतण्या: पडली.

काका: चौदाशे हेक्टरच्या वर समुद्र भरून काढणार म्हणतात. तुझ्या यंत्रात माझ्या खुणा राहतील. जागा राहतील का?

पुतण्याकडे याचं उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर अंडी घालायला मासे येतात असं तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्यांचा विरोध तीसेक वर्षांचा आहे. बंदर झालं की त्या समोरून मोठी जहाजं चोवीस तास जातील. मग लहान होडीला आपली जागा आणि आपली वाट नेमकी ठाऊक असणं अधिकच गरजेचं होईल. पण ज्यांचा समुद्र जाणार आहे, त्यांना पडद्यावरचा नकाशा भरपाई म्हणून देता येणार नाही. हे बोललं जायलाच हवं, म्हणून काकाच्या तोंडून ते इथे आलं.

यानंतरचं बोलणं बसवण्याचं. इथे काका एकदम खुलतो, कारण होडी त्याची आहे.

काका: ट्रान्सड्यूसर कुठे लावणार?

पुतण्या: होडीच्या मागे, पंख्याच्या बाजूला.

काका: ओहोटीला आपली होडी कशावर बसते?

पुतण्या: चिखलावर.

काका: मग त्या चिखलात पहिल्याच दिवशी चिरडेल. शिवाय पंख्याचे बुडबुडे त्याच्या तोंडासमोर.

झाई-बोर्डीकडे उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो आणि होड्या गाळावर उघड्या पडतात. तळातून भोक पाडून बसवलेला, खाली फुगीर निघालेला ट्रान्सड्यूसर इथे टिकत नाही. मागे लावायचाच असेल तर वर उचलता येईल अशा पट्टीवर लावावा, आणि किनारा जवळ आला की उचलायची सवय हवी. होडी भरीव फायबरची असेल तर आणखी एक सोय आहे. ट्रान्सड्यूसर आतून तळाला इपॉक्सीने चिकटवायचा, मध्ये हवेचा एकही बुडबुडा न ठेवता. ध्वनी फायबरमधून जातो. थोडा कमजोर होतो आणि पाण्याचं तापमान नीट मिळत नाही, पण वीस वावांत ते चालतं. लाकडी होडीत किंवा आत फोम भरलेल्या फायबरमध्ये हे होत नाही, कारण तिथे ध्वनी अडतो. म्हणून यंत्राच्या किमतीआधी आपल्या होडीचा तळ कशाचा आहे ते बनवणाऱ्याला विचारावं.

बॅटरीचंही तसंच. ही यंत्रं १२ व्होल्टवर चालतात आणि थोडीच वीज खातात. पण इंजिन सुरू करताना त्याच बॅटरीचा दाब क्षणभर खाली गेला की पडदा विझतो आणि पुन्हा सुरू होतो. वेगळी लहान बॅटरी आणि तारेत फ्यूज, एवढं असलं की बरंचसं दुखणं टळतं. पाच इंची पडदा भर उन्हात वाचता आला तर तो सात इंची मंद पडद्यापेक्षा चांगला. दुकानाच्या सावलीत बघून घेऊ नये, बाहेर उन्हात धरून बघावं.

काका: आणि खोलीचा आकडा. तो ट्रान्सड्यूसरपासून मोजतो ना?

पुतण्या: हो. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली जेवढा बुडालेला असेल तेवढा मिळवायचा. यंत्रात ते बसवता येतं.

काका: आणि भरतीचं? भरतीला चार मीटर पाणी दाखवलं म्हणून ओहोटीला त्याच खडकावरून जाशील, तर खडक उघडा असेल.

पुतण्या: ते यंत्रात बसत नाही.

काका: मग खूण ठेवताना वेळ आणि तिथी लिहून ठेव. वहीत. यंत्र बिघडलं तरी वही राहते.

पुतण्या: लिहीन. पण वही भरायला खुणा तुम्ही द्यायच्या. निदान खडकांच्या. उद्यापासून एकेक जागा दाखवा, मी आकडा घेतो, तुम्ही शिसं टाका. पडद्यावरची खोली आणि तुमची वाव जुळतात का ते बघू.

काका: जुळली नाही तर?

पुतण्या: जुळली नाही तर ट्रान्सड्यूसर चुकीचा बसलाय. पुन्हा बसवू.

काका: साइड स्कॅन नको म्हणजे नको.

पुतण्या: नको. पाच इंची, २००, चिर्प, आत जीपीएस. आणि किनाऱ्याच्या नकाशाचं कार्ड आपल्या समुद्राचं आहे ना ते बघून.

काका: खडकांच्या खुणा गावातल्या सगळ्या होड्यांना द्यायच्या. मागून कोणी आपटायला नको. माशाच्या जागा मात्र आपल्यापुरत्या.

पुतण्या: आणि तुटून तळाला गेलेल्या जाळ्यांच्या?

काका: त्याही सगळ्यांना. तसल्या जाळ्यात पंखा अडकला की भरतीच्या तोंडावर माणूस पाण्यात उतरवावा लागतो.

पुतण्या: मग मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावू आकडे?

काका: लाव. पण अंश-मिनिटं कुठल्या मांडणीत आहेत ते वर मोठ्या अक्षरांत लिही.